अल्ट्रासाउंडने केमोचं औषध फक्त गाठीतच उघडतं म्हणे. खरं का? काकांसाठी विचारतेय

मंजिरी_के · सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि तोही असल्या विषयावर.

माझे मोठे काका सांगलीला असतात, वय ६८. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, गेल्या वर्षी ऑपरेशन झालं. आता यकृतात दोन गाठी निघाल्यात. डॉक्टरांचं म्हणणं, आधी काही केमो देऊ, गाठी आकसल्या तर यकृताचं ऑपरेशन करता येईल. दोन केमो झाल्या. हातापायाला मुंग्या येतात, आणि फ्रीजमधल्या ताकाचा घोट घेतला की घशात सुया टोचतात म्हणतात. ताक म्हणजे काकांचा जीव की प्राण. जेवण नसलं तरी चालेल, ताक हवं.

परवा त्यांच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर एक ढकलपत्र आलं. "केमोचा त्रास विसरा! औषध बंद डबीत घालून रक्तात सोडायचे, बाहेरून सोनोग्राफीसारखे यंत्र फिरवायचे, डबी फक्त कॅन्सरच्या गाठीत फुटणार! केस गळणार नाहीत! परदेशात सुरू, भारतात लवकरच!" सोबत निळं चमकतं चित्र.

काकांनी तिसरी केमो घ्यायला नकार दिलाय. "दोनचार महिने थांबतो, ते नवीन येऊ दे." गुरुवारची तारीख आहे. काकू रडकुंडीला आलीय. घरात विज्ञानाची पदवी असलेली मी एकटीच, म्हणून सगळे माझ्याकडे बघतायत. माझं विज्ञान म्हणजे वनस्पतिशास्त्र, तेही १९९८ चं.

ही शुद्ध थाप आहे की काही तथ्य आहे? असेल तर आपल्याकडे कुठे मिळतं का? कृपया पपईच्या पानांचा रस सुचवू नका. तो चालू आहेच.

टोणगा · १०:३१

चित्र निळं होतं ना? मग खरंच असणार. खोटी ढकलपत्रं लाल-पिवळी असतात.

लंबोदर · १०:४४

माझ्या गुडघ्यावर फिजिओवाली मुलगी गार जेल लावून एक दांडकं फिरवते, त्यालाही अल्ट्रासाउंडच म्हणतात. दहा बैठका झाल्या. गुडघा आहे तसाच आहे, फक्त आता तो स्वच्छ दिसतो. त्यामुळे माझा या लहरींवर विश्वास नाही. काकांना लवकर बरं वाटो.

थंड_पोहे · ११:२०

मंजिरी, थाप नाही. पण गुरुवारी हातात पडेल अशीही गोष्ट नाही. या दोन्हींच्या मधे जे काही आहे त्यात माझी सोळा वर्षं गेली. (लायपोसोमची इंजेक्शनं बनवायचो. आधी तळोजा, मग वेर्णा.)

ढकलपत्रातली 'बंद डबी' म्हणजे लायपोसोम. स्निग्ध पदार्थाची पोकळ गोळी, आत औषध. आकार साधारण १०० नॅनोमीटर. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत सातआठशे ओळीने बसतील. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध अशा डबीत भरून अमेरिकेत १९९५ सालीच बाजारात आलं. म्हणजे डबी जुनीच. भरवसा असा होता की गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत बांधलेल्या, फटी राहिलेल्या, तेव्हा डब्या तिथून आपोआप झिरपतील. हृदयाला होणारा त्रास कमी झाला हे खरं. पण गाठीत पोचतं किती? टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्रयोग (बहुतेक उंदरांवरचे) एकत्र मांडले. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचलेला वाटा, मध्यक (ओळीने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा): ०.७ टक्के. शंभर रुपयांची मनीऑर्डर केली आणि पोस्टमनने हातावर सत्तर पैसे ठेवले. बाकीचा बराचसा ऐवज यकृत आणि प्लीहेने वाटेतच उचलला.

मग लोक म्हणाले, डबी झिरपायची वाट कशाला बघायची? गाठीतून रक्त वाहतंच आहे, तिथून जाता जाता डबी उघडू. कशी? थंडीत न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली आठव. सकाळी दगड, जरा उन्हात ठेवली की पातळ. डबीच्या भिंतीला असे स्निग्ध पदार्थ निवडायचे की अंगाच्या ३७ अंशांना भिंत घट्ट राहील आणि ४० ते ४२ अंशांना ढिली पडून काही सेकंदांत औषध बाहेर येईल. थर्मोडॉक्स नावाचं असं औषध बनलंही. त्यात डॉक्सोरुबिसिनच होतं. मग फक्त गाठ तेवढी गरम करायची, आणि गाठ गरम करायचा एक मार्ग म्हणजे ध्वनिलहरी.

पुढचं उद्या लिहितो. पुढचं जरा दु:खद आहे.

निशिगंधा · ११:३८

डॉक्सोरुबिसिन! नाव वाचूनच तोंडाला ती चव आली. मला चार 'लाल केमो' झाल्या होत्या, स्तनाच्या कॅन्सरसाठी. औषध रूह अफजासारखं लालभडक, दुसऱ्या दिवशी लघवीही लाल. केस सतराव्या दिवशी उशीवर. सुरू करायच्या आधी टूडी इको करायला लावला होता, कारण हे औषध हृदयाच्या स्नायूला त्रास देतं. मी तेव्हा टेबलावर पडल्या पडल्या विचारलं होतं, "हे यंत्र औषधाला सांगू शकत नाही का, की हृदयाकडे जाऊ नको?" तंत्रज्ञ हसला होता. आज कळलं, प्रश्न अगदीच खुळा नव्हता.

मंजिरी, काकांना सांग, त्या मुंग्या डॉक्टरांना नीट सांगायच्या. मात्रा कमी करता येते, औषध काही काळ बाजूला ठेवता येतं. लोक सहन करतात, करतात आणि मग एकदम बंद करतात.

सोनोवाली_बाई · मंगळवार, सकाळी ७:०५

मी रेडिऑलॉजिस्ट, नगर जिल्ह्यात सेंटर आहे. ओपीडीच्या आधी लिहून टाकते.

आधी लंबोदर. तुमच्या गुडघ्यावरचं दांडकं १ किंवा ३ मेगाहर्ट्झचं असतं, लहरी पसरट सोडतं, उबदार वाटतं, संपलं. मी पोटावर फिरवते ते यंत्र फक्त प्रतिध्वनी ऐकतं. हा धागा तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे, केंद्रित ध्वनीबद्दल. लहानपणी भिंगाने वाळकं पान जाळलं असेल ना? भिंगावर हात ठेवला तर भाजत नाही, पण जिथे उन्हाचा ठिपका पडतो तिथे धूर निघतो. तसंच वाटीसारख्या वक्र यंत्रातून निघालेल्या लहरी कातडीतून शांतपणे आत जातात आणि आत तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत एकवटतात. जोर जास्त लावला तर तो दाणा भाजून निघतो. गर्भाशयातल्या फायब्रॉइडसाठी (कॅन्सर नसलेल्या गाठी) अमेरिकेत २००४ पासून याला मान्यता आहे. जोर बेताचा ठेवला तर ४०-४२ अंशांची ऊब मिळते. थंड_पोहे यांची खोबरेलची बाटली तिथेच वितळवायची.

हे माणसांत करून पाहिलंय. ऑक्सफर्डच्या चर्चिल रुग्णालयात १० रुग्ण, सगळ्यांच्या यकृतात गाठी, निकाल २०१८ मध्ये छापून आला. शिरेतून थर्मोडॉक्स दिलं, बाहेरून ध्वनीने एकच ठरवलेली गाठ गरम केली, आणि आधी-नंतर सुईने तुकडा काढून औषध मोजलं. ध्वनीनंतर गाठीतलं औषध सरासरी ३.७ पट झालं.

आता ढकलपत्रात नसलेला भाग. रुग्णांना पूर्ण भूल द्यावी लागली. यकृत श्वासाबरोबर वरखाली होतं, त्यात बरगड्या आडव्या येतात, आणि हाडातून ध्वनी नीट जात नाही. वायूतून तर अजिबातच नाही. तुमच्या रिपोर्टवर 'आतड्यातील वायूमुळे स्वादुपिंड नीट दिसले नाही' असं आम्ही लिहितो ते उगीच नाही. आदल्या रात्री राजम्याची उसळ खाऊन येणारे पेशंट आहेत माझ्याकडे.

आणि मुख्य म्हणजे त्या चाचणीचा प्रश्न 'औषध पोचतं का' एवढाच होता. 'माणूस जास्त जगतो का' हा नव्हता. मंजिरी, शिवाय डॉक्सोरुबिसिन हे तुझ्या काकांच्या कॅन्सरचं नेहमीचं औषध नाहीच. आतड्याच्या कॅन्सरवर ते चालत नाही. ढकलपत्र हे कधीच सांगणार नाही.

टोणगा · ७:२०

डॉक्टर, हे यंत्र इकडे आलं तर एफ फॉर्म भरावा लागेल का?

सोनोवाली_बाई · ७:२४

एफ फॉर्म गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा असतो रे टोणग्या. लिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं आपलं राज्य देशात पहिलं, १९८८ साली, आणि गरज होती म्हणून केला. पण त्या फॉर्मच्या रकान्यांवर मी स्वतंत्र धागा काढू शकते. आता नको, बाहेर बारा बाया बसल्यात.

थंड_पोहे · दुपारी १:१५

कबूल केल्याप्रमाणे दु:खद भाग.

थर्मोडॉक्सची मोठी परीक्षा ध्वनीबरोबर झालीच नाही, ती सुईने गाठ जाळण्याच्या उपचाराबरोबर झाली. यकृताच्या मूळ कॅन्सरचे ७०१ रुग्ण. जानेवारी २०१३ मध्ये निकाल लागला: फरक नाही. मग आकडे पुन्हा चाळले. ज्यांची गाठ ४५ मिनिटं किंवा जास्त वेळ तापवली होती त्यांना फायदा झालेला दिसला. म्हणजे वेळ कमी पडला असं म्हणत नवी चाचणी, ५५६ रुग्ण, सगळ्यांना ४५ मिनिटं. २०२० मध्ये तीही निष्फळ ठरली. निकाल लागल्यावर मागे वळून शोधलेलं कारण बहुतेक वेळा असंच दगा देतं. दहावीचा पेपर अवघड गेला की 'त्या दिवशी पाऊस होता' तसं.

आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी कोणी चहाला उठलं नव्हतं. आमचं उत्पादन वेगळं होतं, पण जात एकच.

औषध गाठीत पोचवणं आणि रोग हटवणं यांत अजून बरंच अंतर आहे. गाठीच्या मध्यभागी रक्तच जात नसेल तर डबी तिथे जाणार कशी?

हरी_ओम_पिंपरी · २:०२

अवांतर होतंय, क्षमस्व. पण लाल औषधावरून आठवलं. ते मातीतून आलंय हो! इटलीत कास्तेल देल मोंते या किल्ल्याजवळच्या मातीत एक जिवाणू सापडला, लाल रंग तयार करणारा. पुढे त्याचाच थोडा बदललेला प्रकार घेऊन डॉक्सोरुबिसिन मिळालं. त्याचं दुसरं नाव एड्रियामायसिन, एड्रियाटिक समुद्रावरून.

आणि आमच्या पिंपरीच्या मातीने काय दिलं? हमायसिन! हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या अंगणातलं बुरशीवरचं औषध. जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. कारखाना १९५४ चा. मी तिथे फर्मेंटेशनला तीस वर्षं काढली. आज तिथून जाताना मान वळवत नाही.

लंबोदर · २:१०

पिंपरीचं नाव जिवाणूला दिलंय आणि आम्हाला शाळेत हे कोणी सांगितलं नाही? काका, वेगळा धागा काढा. गुडघ्याची शपथ.

शिरवळकर_टोरांटो · रात्री ८:४०

थंड_पोहे यांचा सूर फारच थंड झालाय, म्हणून मध्ये पडतो. मी ध्वनिशास्त्रात संशोधन करतो, वैद्यकीय नाही, पण शेजारच्या मजल्यावरचे लोक हेच करतात.

तुम्ही सगळे उष्णतेवर अडकलात. ध्वनीला दुसरा हातही आहे, तो म्हणजे धक्का. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधताना पॉल लांजव्हँ यांना दिसलं होतं की ध्वनीच्या झोतात आलेले मासे मरतात आणि पाण्यात हात घातला तर वेदना होते. मुतखडा बाहेरूनच फोडण्याची सुरुवात म्युनिकला १९८० मध्ये झाली, तिथेही काम ध्वनीच्या धक्क्याचंच.

आता त्यात बुडबुडे आणा. एकदोन मायक्रॉनचे, तांबड्या पेशीहून लहान, स्निग्ध पापुद्र्यातला वायू. हेही जुनेच, हृदयाचा इको स्पष्ट दिसावा म्हणून शिरेतून देतात. वायू शेवटी उच्छ्वासातून निघून जातो. ध्वनीच्या झोतात हे बुडबुडे लयीत फुगतात-आकसतात आणि जिथे झोत आहे तिथल्याच रक्तवाहिनीच्या भिंतीला आतून रेटा देतात. भिंतीचे सांधे किलकिले होतात, औषध आत सरकतं.

याचा सगळ्यात मोठा उपयोग मेंदूत. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत इतकी घट्ट की बहुतेक औषधं आत जातच नाहीत. कुलेर्व्हो हिनिनेन यांनी २००१ मध्ये सशांवर दाखवलं की ध्वनी आणि बुडबुड्यांनी ते दार काही वेळ उघडून पुन्हा मिटतं. त्यांच्याच सनीब्रुक रुग्णालयात, इथे टोरांटोत, २०१५ मध्ये मेंदूत गाठ असलेल्या रुग्णावर कवटी न उघडता हे पहिल्यांदा झालं. डोक्याला शिरस्त्राणासारखं यंत्र, त्यात १०२४ ध्वनिस्रोत, प्रत्येकाची वेळ कवटीच्या जाडीप्रमाणे मागेपुढे केलेली. भजनात सगळ्यांच्या टाळ्या एकाच क्षणी पडाव्यात म्हणून लांबच्याने जरा आधी वाजवावी, तसं.

निशिगंधा · ८:५२

आणि त्या शिरस्त्राणासाठी आधी डोकं तुळतुळीत करतात ना? मी वाचलंय. म्हणजे 'केस गळणार नाहीत' हे बरोबरच, गळायला उरतच नाहीत.

शिरवळकर_टोरांटो · ८:५५

हा हा, हो. वस्तरा लागतो.

टोणगा · ९:००

ते महायुद्धात मेलेले मासे कोणते होते? बांगडा की सुरमई? आणि फेकून दिले का?

कोकणी_मेवा · ९:३३

मी इथे फार लिहीत नाही. माझे यजमान मेंदूच्या गाठीने गेले, ग्लायोब्लास्टोमा, निदानापासून चौदा महिने. शेवटच्या तीन महिन्यांत एका मोठ्या रुग्णालयात आम्हाला 'परदेशी तंत्रज्ञान' म्हणून एक उपचार सुचवला गेला. रक्कम सांगत नाही. नाव विचारलं तर इंग्रजीत एक लांबलचक शब्द मिळाला, कागद काही मिळाला नाही. आम्ही गुहागरची जागा विकायला काढली होती. दिरांनी अडवलं म्हणून राहिली.

शिरवळकर, तुम्ही लिहिता ते वाचून बरं वाटलं आणि रागही आला. २०१५ मध्ये दार उघडलं म्हणता. मग आज काय झालं? कोणी वाचलं का?

शिरवळकर_टोरांटो · १०:२०

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून अर्धा तास नुसता बसलो.

सरळ उत्तर: दार उघडतं हे पक्कं झालंय, माणसं जास्त जगतात हे अजून सिद्ध झालेलं नाही. शिकागोत नॉर्थवेस्टर्नच्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये १७ रुग्णांचा अनुभव छापला. त्यांनी कवटीतच नऊ ध्वनिस्रोत असलेली छोटी चकती बसवली, फ्रान्समध्ये बनलेली. बुडबुडे सोडून चारेक मिनिटं ध्वनी, मग पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध. मेंदूत औषध कितीतरी पट जास्त पोचलं आणि दार साधारण तासाभरात बऱ्यापैकी मिटलं. रुग्ण जागे असताना हे होतं. पण १७ रुग्णांवरून आयुष्याबद्दल बोलता येत नाही. कार्बोप्लॅटिन हे दुसरं केमोचं औषध घेऊन मोठी तुलनात्मक चाचणी आखली गेली आहे, उत्तर तिथून येईल.

तुम्हाला जे सुचवलं गेलं ते हे नव्हतं, एवढं खात्रीने म्हणेन. चाचणीतला उपचार कोणी जमीन विकायला लावून देत नाही.

कोकणी_मेवा · १०:२६

धन्यवाद. एवढंच हवं होतं.

थंड_पोहे · १०:५०

शिरवळकर, वरच्या प्रतिसादाला सलाम. पण तुमच्या बुडबुड्यांवर माझा एक आक्षेप राहतोच. नॉर्वेत बर्गनला स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे १० रुग्ण, नेहमीचं केमोचं औषध जेमसिटाबिन, त्यावर बुडबुडे आणि साधं सोनोग्राफीचं यंत्र. २०१६ ला छापलं: मध्यक आयुष्य ८.९ महिन्यांवरून १७.६ वर. वर्तमानपत्रांनी 'दुप्पट' म्हणून नाचवलं. पण ते ८.९ कुणाचे? त्याच रुग्णालयाच्या जुन्या रुग्णांचे. सोबत चिठ्ठी टाकून निवडलेला तुलनेचा गट नाही. जे चाचणीपर्यंत चालत आले ते मुळातच जरा धडधाकट असतात.

शिरवळकर_टोरांटो · ११:०५

मान्य. पण तुम्ही ३.७ पटीलाही नाक मुरडता आणि १७.६ लाही. मग सुरुवात कुठून करायची? दहा माणसांवर नीट झाल्याशिवाय पाचशेंवर कोण करेल?

आणि नुसती डबी-बुडबुडे एवढंच नाही. अमेरिकेत कॅलटेक विद्यापीठात मिखाईल शापिरो यांचा गट २०२२ मध्ये वेगळ्याच वाटेने गेला. आतड्यात राहणाऱ्या निरुपद्रवी जिवाणूत तापमानाची कळ बसवली, जिवाणू उंदराच्या गाठीत जाऊन बसला, ध्वनीने तिथे ४२-४३ अंश केले की कळ दबते आणि तो तिथेच प्रतिकारशक्तीला चेतवणारं औषध बनवू लागतो. तुमची डबी एकदा उघडली की रिकामी, हा कारखानाच आहे.

हरी_ओम_पिंपरी · ११:१२

म्हणजे गाठीत फर्मेंटर, जिवाणू वाढवायची टाकी! आमच्या काळी वीस हजार लिटरचा असे आणि तरी दूषित होई. उंदरात कसा सांभाळतात?

थंड_पोहे · ११:२०

'उंदरात' हाच शब्द, हरीकाका. उंदरांचा कॅन्सर आपण केव्हाच बरा केलाय.

शिरवळकर, सुरुवातीला माझी ना नाही. ढकलपत्राला ना आहे.

सूत्रसंचालक · बुधवार, सकाळी ६:४०

चमत्कारी अर्काची जाहिरात आणि फोन नंबर असलेला एक प्रतिसाद उडवला आहे. आयडी गोठवला आहे. धागा चालू द्या.

चष्मिष्ट · ८:१५

एक राहिलं. औषध मुळातच निष्क्रिय ठेवायचं आणि ध्वनीने 'जागं' करायचं, असाही प्रकार आहे ना? आमच्या महाविद्यालयात सेमिनारला कोणीतरी बोललं होतं. ५-एएलए का काहीतरी.

सोनोवाली_बाई · ८:४०

हो, ढकलपत्रातल्या 'फक्त गाठीत' या शब्दांच्या सगळ्यात जवळ जाणारं तेच. ५-एएलए पाण्यात विरघळवून प्यायला देतात. मेंदूच्या काही गाठींच्या पेशी त्याचं एका रंगद्रव्यात रूपांतर करतात आणि साठवतात, निरोगी पेशी फारसं साठवत नाहीत. निळ्या उजेडात गाठ गुलाबी-लाल चमकते, म्हणून शस्त्रक्रियेत वापरतात. अमेरिकेत २०१७ मध्ये त्याला मान्यता मिळाली. हेच रंगद्रव्य ध्वनीने चेतवलं तर ऑक्सिजनचे तिखट, पेशी जाळणारे कण तयार होतात. उजेड काही मिलिमीटर आत जाऊन थकतो, ध्वनी खोलवर जातो, हा फायदा. कल्पना जपानची, युमिता आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये अशाच एका रंगद्रव्यावर दाखवलेली. माणसांत चाचण्या सुरू आहेत, पण मेंदूच्या गाठींत. यकृतातल्या, आतड्यातून आलेल्या गाठींत नाही. (मंजिरीचे काका विसरू नका रे, आपण बर्गन-कॅलटेक फिरून आलो.)

मंजिरी_के · दुपारी १२:३०

मी प्रत्येक प्रतिसाद वाचतेय, काही तर मोठ्या आवाजात काकूला फोनवर वाचून दाखवले. मनीऑर्डरचं उदाहरण तिला एकदम पटलं, तिचे वडील पोस्टात होते.

पण काकांनी काल एक प्रश्न विचारला आणि मला उत्तर आलं नाही. "यकृतात दोनच गाठी आहेत ना? मग दोन ठिपके तापवायचे. सगळ्या अंगाला विष कशाला?" माणूस गणिताचा शिक्षक होता, पेचात पकडतो.

सोनोवाली_बाई · १:५०

काकांचा प्रश्न या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, त्यांना तसं सांग.

उत्तर असं. दोन गाठी *दिसतात*. माझ्या पडद्यावर काही मिलिमीटरच्या खालचं दिसत नाही. आतड्यातून निघालेल्या पेशी रक्तातून यकृतात पोचल्या तेव्हा दोनच थांबल्या असं कोणी ठामपणे सांगू शकत नाही. जिथे गाठ आहे हे ठाऊक आहे तिथेच ध्वनीचा ठिपका नेता येतो. न दिसणाऱ्यांसाठी सगळ्या अंगात फिरणारं औषधच लागतं. म्हणून हे तंत्र उद्या आलं तरी बहुतेक ठिकाणी केमोच्या जोडीला येईल, जागी नाही.

आणि नुसत्या दोन ठिपक्यांपुरतं बोलायचं तर तापवून जाळण्याची सोय इथे आजही आहे. सोनोग्राफी किंवा सीटीवर बघत सुई घालून मायक्रोवेव्हने लहान गाठ जाळतात, मुंबई-पुण्यात हे नेहमीचं काम आहे. कापून काढणं जमत असेल तर सहसा तेच आधी. दोन्हींसाठी गाठ लहान असावी लागते. ती लहान करण्यासाठीच ही केमो चालू आहे. चार महिने थांबले आणि दोनाच्या पाच झाल्या, तर ऑपरेशनचा रस्ताच बंद होऊ शकतो. गणिताच्या शिक्षकाला हे समीकरण कळेल.

शिरवळकर_टोरांटो · संध्याकाळी ६:१०

भर घालतो: औषधाशिवाय, नुसत्या बुडबुड्यांच्या धक्क्याने यकृतातली गाठ वाटून काढणारं हिस्टोट्रिप्सी नावाचं यंत्र अमेरिकेत ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालंय. मिशिगन विद्यापीठातून निघालेलं. मिक्सरमध्ये चटणी फिरवावी तसं, पण उष्णता नाही. पुढचं ढकलपत्र याचंच येणार, तयारीत राहा.

थंड_पोहे · ६:४५

मंजिरी, 'भारतात लवकरच' हे शब्द तपासायची एक साधी जागा आहे. आपल्याकडे माणसांवरच्या चाचण्यांची नोंदवही आहे, सीटीआरआय, २००७ पासून. कुणालाही उघडून बघता येते. कोणी म्हणालं 'आमच्याकडे नवीन उपचार आहे', तर विचारायचं, नोंदणी क्रमांक काय? नैतिक समितीचं पत्र कुठे? संमतीपत्र मराठीत द्या. खरा संशोधक खूष होऊन देतो. चाचणीतल्या औषधाचे पैसे मागितले तर उठून यायचं.

नवीन काही होत नाही असंही नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून निघालेल्या कार-टी पेशींना (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून परत देतात) ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, इथेच, पवई-खारघरला. पण तीही रक्ताच्या कॅन्सरसाठी. मी हे लिहितो म्हणजे उद्या काका म्हणायला नकोत की कार-टी येईपर्यंत थांबतो.

लंबोदर · ७:०२

मी फिजिओला आज विचारलं की हे दांडकं केंद्रित आहे का. ती म्हणाली काका, तुम्ही गुडघ्यावर लक्ष केंद्रित करा आणि व्यायाम करा.

मंजिरी_के · गुरुवार, रात्री ९:४८

काका गेले. म्हणजे, केमोला गेले! वाक्य वाचून दचकू नका, मीच दचकले लिहिताना.

काल रात्री फोनवर सोनोवाली बाईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. सगळा ऐकला. मग म्हणाले, "बाई बरोबर बोलतात. न दिसणारी राशी शून्य धरता येत नाही." आज सकाळी स्वतःच पिशवी भरली. मुंग्यांचं सविस्तर सांगितलं, तर डॉक्टरांनी त्या एका औषधाची मात्रा जरा कमी केली. (निशिगंधा, तुला घट्ट मिठी.) चौथीनंतर स्कॅन, मग सर्जनकडे.

ग्रुपवर त्यांनी ढकलपत्राखाली लिहिलंय: "सदर माहिती अपूर्ण आहे. ०.७ टक्के." बाकी काही नाही. चाळीस निवृत्त शिक्षक गोंधळात आहेत.

बाई, एक शेवटचं. ताक किती दिवस बंद?

निशिगंधा · ९:५५

बाईंच्या आधी मीच सांगते, माझ्या वहिनीला हेच औषध होतं. ताक बंद नाही, गार बंद. पहिले चारपाच दिवस तरी. सकाळी घुसळून बाहेरच ठेवायचं. ग्लासही फ्रीजमधला नको, आणि फ्रीजमध्ये हात घालायचा तर काकूने.

मंजिरी_के · १०:०३

काकू म्हणतेय, चाळीस वर्षं तिनेच घातलाय.